हॅलो, ऐकू येतंय का?

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी आजवर मी फक्त जाहिराती गोळा केल्या. यंदा संपादकांचा फोन आला, "तू इतकी वर्षं नेटवर्कमध्ये आहेस, त्याच्या इतिहासाबद्दल लिही की काहीतरी. पण आमच्या डोक्यावरून जाईल असं नको." मी हो म्हटलं आणि पंचाईत झाली. माझं काम एका वाक्यात सांगायचं तर असं: दोन दूरच्या शहरांतली कार्यालयं एका लाइनने जोडलेली असतात. त्या लाइनच्या दोन्ही टोकांना राउटर नावाची पेटी असते. लाइन मेली तर ती मेली आहे हे त्या पेटीला किती लवकर कळावं आणि कळल्यावर तिने काय करावं, हे ठरवून देणं. माझी बायको हे ऐकून म्हणाली, "एवढ्यासाठी पगार देतात?"

देतात. आणि का देतात हे सांगायला मला माझ्या लहानपणीच्या वाईपासून सुरुवात करायला हवी.

आमच्या आळीत तेव्हा एकच फोन होता. मुंबईच्या काकांशी बोलायचं तर ट्रंक कॉल लावायचा आणि तासन् तास वाट बघत बसायचं. कॉल लागला की वडील ओरडायचे, "हॅलो, हॅलो! ऐकू येतंय का?" पलीकडून काका ओरडायचे, "येतंय, येतंय! माझं येतंय का?" तीन मिनिटांतलं एक मिनिट यातच जायचं. मला तेव्हा हसू यायचं. पुढे इंग्लंडमध्ये एम.एस्सी. करताना नेटवर्कच्या इतिहासाचं पुस्तक उघडलं, तर जगातल्या पहिल्या मोठ्या कॉम्प्युटर नेटवर्कमधली यंत्रं एकमेकांशी अगदी हेच बोलत होती असं दिसलं. ते पुढे सांगतोच.

पावसाळ्यात तो फोन ‘डेड’ व्हायचा. पण डेडचेही प्रकार असत. रिसीव्हर उचलल्यावर काहीच आवाज नाही, तो सरळ डेड. लाइनमनला निरोप द्यायचा, मोकळं व्हायचं. दुसरा प्रकार फसवा. टोन येतोय, नंबर फिरवता येतोय, पण पलीकडे काही पोहोचतच नाही. पहिल्या प्रकारात माणूस लगेच दुसरा मार्ग शोधतो, पोस्टात जाऊन तार करतो. दुसऱ्यात तो नंबर फिरवत बसतो. माझ्या धंद्याचा सगळा इतिहास या दुसऱ्या प्रकाराशी चाललेल्या झटापटीचा आहे.

तीस जानेवारी २००८

आपल्यापैकी जे तेव्हा दुबईत होते त्यांना तो बुधवार आठवत असेल. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या, सी-मी-वी-४ आणि फ्लॅग युरोप-एशिया. आखात आणि भारत यांना युरोपशी जोडणारा फार मोठा भार या दोन केबलवर होता. दोन दिवसांनी, १ फेब्रुवारीला, दुबईजवळच्या समुद्रात फाल्कन ही तिसरी केबल तुटली. दुरुस्त करणाऱ्यांना तिथे काही टन वजनाचा, कुठल्याशा जहाजाने टाकून दिलेला नांगर सापडला.

मी तेव्हा एका सल्लागार कंपनीत होतो आणि परदेशी पैसे पाठवणाऱ्या एका एक्स्चेंजचं नेटवर्क माझ्याकडे होतं. त्यांचा मुख्य सर्व्हर युरोपात होता. लाइन दोन होत्या. मुख्य पश्चिमेकडून जाणारी, राखीव पूर्वेकडून फिरून जाणारी. राखीव लाइनचं भाडं दरमहा भरलं जात होतं आणि तिचा वापर शून्य होता.

महिनाअखेर, पगार झालेले. काउंटरसमोर रांग दारापर्यंत. दुपारी पावत्या येईनाशा झाल्या. मी स्क्रीनवर पाहिलं, दोन्ही लाइनसमोर हिरवे दिवे. म्हणजे लाइन ठीक. मग आम्ही सॉफ्टवेअरवाल्यांना दोष दिला, त्यांनी सर्व्हरवाल्यांना दिला, दोनदा प्रोग्रॅम बंद करून चालू केला. काउंटरवर रत्नागिरीकडचे एक गृहस्थ होते. मी मराठी बोलतो हे कळल्यावर त्यांनी मला गाठलं. "साहेब, पैसे गेले का नाय, तेवढं सांगा. गेले नसतील तर परत द्या, दुसरीकडून पाठवतो. घरी हॉस्पिटलात भरायचे आहेत." मला सांगता येईना. त्यांचे पैसे खात्यातून निघाले होते आणि पोहोचल्याची पोच आली नव्हती. ‘गेले नाहीत’ असं नक्की कळलं असतं तरी त्यांचं काम झालं असतं.

साडेतीन तासांनी मी मुकाट्याने आमच्या राउटरवरून थेट युरोपातल्या पेटीला हाक मारून पाहिली. उत्तर नाही. मुख्य लाइन हाताने बंद केली आणि क्षणात सगळं पूर्वेच्या लाइनवर गेलं. हळू चाललं, पण चाललं. त्या गृहस्थांना पावती मिळाली. त्यांनी मला चहा पाजायचा आग्रह केला आणि मला तो घशाखाली उतरेना.

कारण चूक माझी होती. हिरवा दिवा खोटं बोलत नव्हता. आमच्या राउटरची वायर त्याच इमारतीतल्या टेलिफोन कंपनीच्या पेटीला जोडलेली होती आणि ती पेटी जिवंत होती. दिवा तेवढंच सांगत होता. अलेक्झांड्रियाच्या समुद्रात काय झालं हे त्याला कसं कळणार? आमच्या राउटरला मी "युरोपचं सगळं या दाराने पाठव" एवढंच सांगून ठेवलं होतं, पलीकडे कोणी आहे का हे विचारायला सांगितलंच नव्हतं. साडेतीन तास तो इमानेइतबारे सगळं समुद्रात ओतत राहिला.

तारेच्या जमान्यात

ही अडचण आपल्या पिढीची नाही. मुसंदमच्या सहलीला आपण गेलोच असाल. खसबहून धाव बोटीत बसायचं, खाडीत डॉल्फिन बघायचे आणि दुपारी एका खडकाळ बेटाजवळ पोरांनी पाण्यात उड्या मारायच्या. त्या बेटाला टेलिग्राफ आयलंड म्हणतात. १८६४ मध्ये ब्रिटिशांनी हिंदुस्थानला युरोपशी जोडण्यासाठी ग्वादरहून मुसंदम, बुशहर करत इराकच्या दक्षिण टोकाच्या फाओपर्यंत समुद्राखालून तारेची केबल टाकली. तिचं एक ठाणं काही वर्षं या बेटावर होतं. पुढे १८७० मध्ये मुंबई ते एडन ते सुएझ अशी केबल पडली आणि मुंबईचा लंडनशी समुद्रमार्गे तारसंबंध जुळला.

त्या काळातही प्रश्न हाच होता, तार तुटली हे कळायचं कसं? याची दोन उत्तरं होती आणि ती समजून घेण्यासारखी आहेत. युरोपात रूढ झालेल्या पद्धतीत एरवी तारेत वीज नसे. तारबाबूने बटण दाबलं की तेवढ्यापुरता प्रवाह जाई. यात बॅटरी वाचे. पण रात्री दोन वाजता तार तुटली तर ते सकाळी कोणी संदेश पाठवू लागेपर्यंत कळत नसे. अमेरिकेत उलट पद्धत होती. तिथे प्रवाह सतत वाहता ठेवत आणि तो मध्येमध्ये तोडून संदेश पाठवत. बॅटरी सारखी खर्च होई, पण तार तुटताक्षणी लाइनवरच्या प्रत्येक ठाण्याला प्रवाह बंद पडलेला दिसे.

म्हणजे लाइन जिवंत आहे हे कळायला हवं असेल तर बोलायचं काही नसतानाही तिच्यावर काहीतरी चालू ठेवावं लागतं आणि त्याची किंमत मोजावी लागते. आज आम्ही राउटरवर जे काही करतो त्याचं मूळ या व्यवहारात आहे.

लाइन अर्धवट मरण्याचाही अनुभव त्यांना तेव्हाच आला. ऑगस्ट १८५८ मध्ये अटलांटिकखालून पहिली केबल सुरू झाली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पोहोचायला सुमारे १६ तास लागले. ती केबल एका झटक्यात तुटली नाही. संकेत क्षीण होत गेले, कधी कळत, कधी नाही. मुख्य विद्युततज्ज्ञ व्हाइटहाउस यांनी जास्त दाबाची वीज सोडून पाहिली आणि दुखणं वाढलं. काही आठवड्यांत केबल कायमची गप्प झाली. सल्लागार विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी याच खटाटोपात आरशाचं गॅल्व्हानोमीटर बनवलं. ते अगदी मंद प्रवाहही दाखवी. याच सुमारास तारेचा विद्युतरोध मोजून किनाऱ्यावर बसल्या बसल्या बिघाड किती मैलांवर आहे याचा अंदाज बांधण्याचं शास्त्र तयार झालं. समजा मैलाला दहा एकक रोध आहे आणि मोजला तो पंधराशे भरला, तर बिघाड सुमारे दीडशे मैलांवर. दुरुस्तीचं जहाज त्या हिशेबाने निघे.

पण हे सगळं माणूस करत होता. तारबाबूला जांभई आली तरी त्याचं लक्ष गॅल्व्हानोमीटरच्या ठिपक्याकडे असे. माणूस बाजूला करून ही जबाबदारी यंत्रावर टाकायला आणखी शंभर वर्षं जावी लागली.

‘हॅलो’ आणि ‘मला ऐकू आलं’

१९६९ मध्ये अमेरिकेत अर्पानेट सुरू झालं. आजच्या इंटरनेटचं ते आजोबा. त्याचे राउटर म्हणजे इंटरफेस मेसेज प्रोसेसर, थोडक्यात इम्प. बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीने बनवलेली, फ्रिजएवढी यंत्रं. ती टेलिफोन कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या ५० किलोबिटच्या लाइननी जोडलेली होती. लाइन मधूनच जाणार हे गृहीत धरूनच ती बांधली होती.

या यंत्रांच्या कर्त्यांनी १९७० मध्ये सांगितलेली रीत अशी. प्रत्येक इम्प आपल्या प्रत्येक लाइनवर दर अर्ध्या सेकंदाला एक छोटं पॅकेट पाठवी. त्याचं नाव ‘हॅलो’. शेजारच्या इम्पने उत्तर द्यायचं, त्याचं नाव ‘आय हर्ड यू’, म्हणजे ‘मला ऐकू आलं’. सुमारे अडीच सेकंद उत्तर आलं नाही की लाइन मृत समजायची, वाटेत थांबलेली पॅकेटं दुसऱ्या मार्गाने वळवायची. माणसाने काही करायचं नाही. माझे वडील आणि काका ट्रंक कॉलवर जे ओरडत होते, तेच.

त्याच्याही पुढचा नियम मला जास्त शहाणपणाचा वाटतो. मेलेली लाइन परत जिवंत समजायची कधी? एक उत्तर आलं म्हणून नाही. लागोपाठ तीस हॅलोंना पोच मिळायला हवी, म्हणजे कमीत कमी पंधरा सेकंद. मेलेली ठरवायला अडीच सेकंद आणि परत विश्वास ठेवायला पंधरा! विश्वास मोडायला कमी वेळ लागतो, बसायला जास्त.

सेकंदांचा हिशेब

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत राउटर विकत मिळू लागले आणि प्रत्येक पद्धतीने आपापला ‘हॅलो’ ठरवला. सिस्कोच्या राउटरवर साध्या लीज्ड लाइनसाठी दर १० सेकंदांनी एक पॅकेट, तीन चुकली की लाइन बंद. ओएसपीएफ या मार्ग शोधण्याच्या पद्धतीत अशा लाइनवर हॅलो दर १० सेकंदांनी आणि ४० सेकंद शांतता म्हणजे शेजारी गेला. ओएसपीएफच्या हॅलोत आपल्याला कोणाकोणाचं ऐकू येतंय याची यादीही असते. शेजाऱ्याच्या यादीत आपलं नाव दिसलं तरच दोन्ही बाजूंनी ऐकू येतंय असं धरायचं. "माझं येतंय का?" या काकांच्या प्रश्नाचं हे उत्तर.

मोठमोठ्या कंपन्यांना आणि देशांना जोडणारी बीजीपी ही पद्धत १९८९ ची. तिच्या २००६ च्या नियमपुस्तिकेत ९० सेकंद थांबावं असं सुचवलं आहे, सिस्कोवर मूळ आकडा १८० सेकंद. तीन मिनिटं! आमच्या ट्रंक कॉलएवढा वेळ. हे आकडे आळशीपणाने ठरवलेले नव्हते. तेव्हाच्या लाइन ६४ किलोबिटच्या, प्रोसेसर मंद. दर सेकंदाला शंभर शेजाऱ्यांना हॅलो म्हणत बसला तर राउटर मुख्य काम कधी करणार? अमेरिकन तारबाबूच्या बॅटरीचाच हिशेब हा.

पण लाइन वेगवान झाल्या आणि हिशेब बदलला. दोन मेगाबिटच्या भरलेल्या लाइनवर तीन मिनिटांत ४५ मेगाबाइट वाया जातात. दहा गिगाबिटच्या लाइनवर त्याच तीन मिनिटांत २२५ गिगाबाइट.

दुसरी अडचण मधल्या माणसांची. नव्वदच्या दशकात फ्रेम रिले आलं. त्यात आपला राउटर दर १० सेकंदांनी विचारपूस करी, पण ती टेलिफोन कंपनीच्या जवळच्या स्विचकडे. तो म्हणे, मी बरा आहे. पलीकडच्या टोकाला काय चाललंय ते तो सांगेलच असं नाही. टेलिफोन कंपन्यांच्या स्वतःच्या एसडीएच लाइन मात्र या बाबतीत फार कडक होत्या. प्रकाश गेला की लगेच धोक्याची खूण आणि ५० मिलिसेकंदांत दुसऱ्या मार्गावर. मग स्वस्त इथरनेट दूरच्या पल्ल्यासाठी वापरात आलं आणि ही कडक शिस्त वाटेतच सुटली. राउटरची वायर मधल्या पेटीत, मधल्या पेटीचा दिवा हिरवा, पलीकडे अंधार. २००८ मधला माझा बुधवार हा याच घराण्यातला.

या सगळ्यांवर एकच सोपा उपाय म्हणून डेव्ह कॅट्झ आणि डेव्ह वॉर्ड या दोघांनी बीएफडी नावाची रीत मांडली. एक ज्युनिपरमधले, एक सिस्कोमधले, म्हणजे एकमेकांच्या स्पर्धक कंपन्यांतले. जून २०१० मध्ये ती आरएफसी ५८८० म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्या पूर्ण नावाचा अर्थ दोन्ही दिशांनी जाणवणारी चाहूल असा लावता येईल. मार्ग शोधण्याशी तिला देणंघेणं नाही. ती फक्त एका प्रश्नाचं उत्तर देते, पलीकडचा आहे की नाही? किती वेळाने हाक मारायची आणि किती हाका चुकल्या की गेला समजायचं, हे दोन्ही टोकं आधी आपसांत ठरवतात. दर ५० मिलिसेकंदांनी एक हाक आणि तीन चुकल्या तर निकाल, म्हणजे १५० मिलिसेकंदांत सोक्षमोक्ष. डोळ्याची पापणी लवते तेवढा वेळ.

त्यातली एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. नेहमीच्या रीतीत इथे कोणी कोणाला उत्तर देत नाही. दोघंही आपापल्या घड्याळाने "मी आहे" असं पाठवत राहतात आणि समोरून काय येतंय ते ऐकतात. त्यामुळे मुंबई असो वा न्यूयॉर्क, अंतर लांब म्हणून निदानाला फारसा उशीर होत नाही. हाका नियमित येतात की नाही एवढंच महत्त्वाचं.

उतावळेपणाची शिक्षा

आता माझ्या दुसऱ्या चुकीबद्दल. २००८ च्या त्या प्रकारानंतर मला साहजिकच चेव चढला. आमचे राउटर बीएफडी येण्याच्या आधीचे, म्हणून मी दुसरा मार्ग घेतला. मुख्य लाइनवरून पलीकडच्या पेटीला सारखी हाक मारायची, उत्तर आलं नाही तर राखीव लाइन. हाक दर सेकंदाला ठेवली आणि दोन चुकल्या की बदल. म्हटलं, आता बघू कोण साडेतीन तास फसवतो.

दुरुस्तीनंतर मुख्य लाइन परत आली आणि पहिल्याच गर्दीच्या दिवशी तमाशा झाला. लाइन भरली की माझ्या हाकाही रांगेत अडकत. राउटर म्हणे, लाइन मेली, आणि सगळं राखीववर ढकले. मुख्य लाइन रिकामी होताच हाकांना उत्तर मिळे. राउटर म्हणे, जिवंत झाली, चला परत. परत गर्दी, परत मेली. दर मिनिटाला हा झोका. आम्ही याला फ्लॅप म्हणतो. प्रत्येक झोक्यात चालू व्यवहार तुटत होते. मेलेल्या लाइनने जितका त्रास दिला नव्हता तितका या अर्धवट जिवंत लाइनने दिला.

वर आणखी एक गाढवपणा. हाक मुख्य लाइनवरूनच जायला हवी असं मी बांधून ठेवलं नव्हतं. त्यामुळे सगळं राखीववर गेलं की हाकही राखीववरून जाई, तिला उत्तर मिळे आणि राउटर समजे मुख्य लाइन बरी झाली! आजारी माणसाची चौकशी करायला जावं आणि त्याच्या शेजाऱ्याची नाडी बघून यावं, तसं.

शेवटी बसवलेली घडी अशी होती. हाक दर पाच सेकंदांनी, फक्त मुख्य लाइनवरून. तीन चुकल्या तर बदल. हाकांना रांगेत अग्रक्रम, म्हणजे लाइन भरलेली असली तरी त्या आधी जाणार. आणि परत येताना पूर्ण एक मिनिट लाइन नीट चालली तरच परत. हे लिहून झाल्यावर मला १९७० चे ते तीस हॅलो आठवले. त्यांनी अडतीस वर्षांपूर्वी सांगून ठेवलेलं मी एक्स्चेंजच्या काउंटरवरच्या लोकांच्या जिवावर नव्याने शिकलो होतो. इंटरनेट चालवणाऱ्यांनाही हे शिकावं लागलं. १९९८ मध्ये सारख्या झोके खाणाऱ्या मार्गांना काही काळ वाळीत टाकण्याची रीत लिहिली गेली. मग ती फार कडक लावली तर चांगले मार्गही वाळीत पडतात असं दिसून आलं आणि २००६ मध्ये युरोपच्या राइप संस्थेच्या तज्ज्ञ गटाने ती वापरू नका असा सल्ला दिला. किती थांबायचं याचं एकच बरोबर उत्तर नाही. लाइनगणिक ते ठरवावं लागतं.

आणि केबल तुटायच्या थांबलेल्या नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात तुटल्या, सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तुटल्या तेव्हा आपल्याकडे आणि भारतातही इंटरनेट मंदावलं. पण ज्यांनी आधीच दुसरा, खरोखर वेगळ्या वाटेचा मार्ग ठेवला होता आणि पहिला मेला हे ओळखायची सोय केली होती, त्यांचं काम थांबलं नाही.

वाईची लाइन

वडील गेल्यापासून, म्हणजे २०१४ पासून, आई वाईला एकटी राहते. इथे यायला तयार नाही. आम्ही ठरवलं की तिने रोज सकाळी आठच्या सुमारास मला मिस्ड कॉल द्यायचा. उत्तर नको, बोलणं नको, फक्त "मी आहे". सुरुवातीला माझा टायमर फार कडक होता. एका संकष्टीला सव्वाआठपर्यंत कॉल आला नाही म्हणून मी शेजारच्या काकांना धावायला लावलं. दाराला कुलूप. काकांनी घाबरून दोघांना बोलावलं, कुलूप तोडायची तयारी झाली, तेवढ्यात आई हातात फुलांची पुडी घेऊन ढोल्या गणपतीहून परत. फोन घरी चार्जिंगला. "अरे, मी देवळात जायचं की नाही?" असं तिने मला चांगलंच सुनावलं. काकाही पुढचे कित्येक दिवस माझा फोन जरा उशिराच उचलत. खोट्या हाकेची किंमत ही.

मग सुधारलं. नऊपर्यंत वाट बघायची, मग अर्ध्या अर्ध्या तासाने तीनदा फोन, मग काका. हे पाच वर्षं छान चाललं.

२०१९ मध्ये मी अचानक गेलो तर आईच्या पायाला प्लास्टर. बाथरूममध्ये पडून दहा दिवस झाले होते. त्या दहाही दिवशी सकाळी आठला मिस्ड कॉल आला होता आणि संध्याकाळच्या फोनवर "मी बरी आहे रे, तू जेवलास का?" असं तिने सांगितलं होतं. काकांनाही तिनेच बजावलं होतं, त्याला कळवू नका, उगाच धावत येईल. हिरवा दिवा. मी वीस वर्षं ज्याच्यावर पगार घेतो तीच चूक घरात केली होती.

तेव्हापासून मी "कशी आहेस?" असं विचारत नाही, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. मी विचारतो, "आज भाजी कुठली केलीस?" मंडईतून काय आणलं, कोण भेटलं, भाव काय होता हे ती सांगू लागली की पलीकडच्या टोकापर्यंत सगळं नीट चाललंय हे कळतं. "काही नाही रे, दूधपोहे खाल्ले" असं उत्तर लागोपाठ दोन दिवस आलं की मी काकूंना फोन करतो. काकांना नाही, काकूंना. त्या आईचं ऐकून गप्प बसत नाहीत.

मंडळी, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी तिकडे कोणीतरी एकटं आहे. या वर्षी एक करा. रोज काय यायला हवं, ते किती वेळ आलं नाही तर काळजी करायची आणि मग कोणाला फोन करायचा, हे कागदावर लिहा आणि पलीकडच्या माणसाशी बोलून नक्की करा. आणि तो दुसरा नंबर काही काम नसतानाही वर्षातून दोनदा लावून पाहा. माझी राखीव लाइन निदान चालू तरी होती. माझ्या एका मित्राने वडिलांच्या वेळी राखीव नंबर लावला, तेव्हा ते शेजारी घर विकून पुण्याला गेल्याला तीन वर्षं झाली होती.